पक्षाघातानंतर आखडलेला हात: ऑपरेशन कोणतं, कोणाला आणि कशासाठी?

रेवाकाठ

नमस्कार मंडळी. बाबांना पक्षाघात होऊन बरीच वर्षं झाली. पाय सावरला, काठी घेऊन चालतात, बोलणं स्वच्छ आहे. उजवा हात तेवढा मागे राहिला. कोपर छातीशी दुमडलेलं, मनगट आत वळलेलं, बोटांची घट्ट मूठ आणि अंगठा त्या मुठीच्या आत. बोटॉक्सची इंजेक्शनं दिली की दोन-तीन महिने हात सैल पडतो, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. बॅक्लोफेनच्या, म्हणजे स्नायूंचा ताण उतरवणाऱ्या गोळीचा डोस वाढवला की दिवसभर गुंगी असते आणि चालताना तोल जातो.

रोजचा प्रश्न तळहाताचा आहे. मूठ उघडायची तर आधी मनगट आणखी खाली वाकवायचं, मग करंगळीकडून एकेक बोट सोडवत यायचं. आत ओलसर, पांढरी पडलेली कातडी, नखांचे वळ आणि वास. त्या वासाची बाबांना लाज वाटते. कोणी भेटायला आलं की ते हात पांघरुणाखाली घेतात.

आता आम्हाला हॅन्ड सर्जनकडे पाठवलं आहे. पहिल्या भेटीत नसेच्या (म्हणजे मज्जातंतूच्या, रक्तवाहिनीच्या नव्हे) फांद्या कापणं, कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) लांबवणं, कंडरा दुसरीकडे जोडणं, मनगट कायमचं जखडणं असं बरंच काही कानावर पडलं. घरातल्या मोठ्यांचं म्हणणं असं की हात पुन्हा चालणारच नसेल तर या वयात कापाकापी कशाला. मला ते पटत नाही, पण मुद्देसूद उत्तरही देता येत नाही. ज्यांनी यातलं काही जवळून पाहिलं आहे त्यांनी कृपया लिहा.

माळरान

माझ्या धाकट्या भावाला डोक्याला मार लागल्यानंतर हाच त्रास होता. त्याची बोटं स्वतःहून थोडी उघडायची, पण मनगट वाकवल्याशिवाय नाही. त्याच्या पुढच्या हातात (कोपर ते मनगट) स्नायू आणि कंडरा जिथे एकत्र येतात तिथे कंडरेवर आडवे छेद देऊन लांबी वाढवली. खालचा स्नायू अखंड ठेवतात, त्यामुळे जोड तुटत नाही, फक्त सैलावतो. आता तो दरवाजाची कडी धरतो आणि सोडतोही. आमच्यासाठी 'सोडतो' हे जास्त मोलाचं होतं, कारण पकडायला त्याला आधीही यायचं.

पकड मात्र पूर्वीपेक्षा कमी झाली आहे. हे आम्हाला आधी स्पष्ट सांगितलं होतं.

निरंतर

ताई, घाई करू नका. रोज नेमाने स्ट्रेचिंग, मालिश आणि रात्री स्प्लिंट (हात सरळ धरणारी आधाराची पट्टी), एवढं चिकाटीने केलं तर शस्त्रक्रियेची वेळच येत नाही असं माझं मत आहे. नस कापली की मागे फिरता येणार नाही, अशी मला भीती वाटते.

शल्यक

मी हाताच्या शस्त्रक्रिया करतो. रेवाताई, तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी अमुकच करा असं म्हणणार नाही. पण सर्जनशी बोलताना तुमच्या मनात चित्र स्पष्ट असावं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाहेरून दिसणाऱ्या एका घट्ट मुठीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली म्हणजे मेंदूचा लगाम सुटल्यामुळे स्नायूत येणारा ताण. हा ताण वेगावर ठरतो. गाडीचा सीटबेल्ट हिसका दिला की अडकतो आणि सावकाश ओढला की येतो, तसा हा स्नायू वागतो. दुसरी म्हणजे वर्षानुवर्षं दुमडून राहिल्यामुळे स्नायू, कंडरा आणि सांध्याचं आवरण खरोखरच आखूड होणं. तिथे कितीही सावकाश ओढा, एका हद्दीपुढे सांधा सरकत नाही. पहिल्यावर नसेची शस्त्रक्रिया चालते. दुसऱ्यावर तिचा काडीचा उपयोग नाही, तिथे कंडरा लांबवावी लागते किंवा सांध्यावर काम करावं लागतं. ही वाटणी न करता 'ऑपरेशन कोणतं' हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

वाटणी कशी करतात? आधी हाताने. तोच सांधा एकदा अगदी हळू आणि एकदा झटकन उघडून पाहायचा. झटकन उघडताना स्नायू जिथे अडतो तो कोन आणि हळू उघडताना जिथवर जातो तो कोन, या दोन्हींत अंतर जितकं जास्त तितका ताणाचा वाटा मोठा. याला टार्डियू मोजमाप म्हणतात. रिपोर्टवर ताण मोजणाऱ्या सुधारित ॲशवर्थ श्रेणीचा आकडा असेल, 0 ते 4 मधला. तो उपयोगी आहे, पण ताण आणि आखडलेपण तो वेगळं करून सांगत नाही. म्हणून मी नेहमी नसेचा ब्लॉक देऊन पाहतो. सोनोग्राफीत बघत त्या-त्या नसेभोवती भुलीचं औषध सोडायचं. तास-दोन तास ती नस झोपते. तेवढ्या वेळात कोपर सरळ झालं तर तो ताण होता. झालं नाही तर ते आखडलेपण. शिवाय दुमडणारे स्नायू गप्प बसले की उघडणाऱ्या स्नायूंमध्ये काही जीव शिल्लक आहे का, तेही त्याच वेळी कळतं. या तपासणीच्या वेळी बोटॉक्सचा असर उतरलेला असायला हवा, म्हणजे शेवटच्या इंजेक्शनला तीन-चार महिने होऊन गेलेले बरे.

आता नस 'कापण्या'बद्दल, कारण निरंतर यांची भीती अनेकांना असते. अख्खी नस कोणी कापत नाही. मुख्य नसेत हालचालीचे आणि स्पर्शाचे तंतू एकत्र असतात, तिथे हात घातला तर बधिरपणा आणि आग होण्याचा धोका असतो. म्हणून नसेच्या मागोमाग पुढे जात, स्नायूत शिरण्याच्या अगदी दारात ज्या बारीक फांद्या होतात त्या भिंगाखाली सुट्या करायच्या, विजेच्या सौम्य उत्तेजनाने कोणती फांदी कोणता स्नायू हलवते ते बघायचं आणि प्रत्येक फांदीचा साधारण दोन तृतीयांश भाग काढायचा. उरलेल्या तंतूंवर स्नायू हलता राहतो, ताण उतरतो. दंडातल्या नसेच्या फांद्यांवर हे केलं तर कोपरासाठी, पुढच्या हातातल्या मीडियन नसेच्या फांद्यांवर केलं तर पालथा पडणारा हात, मनगट आणि बोटांसाठी, अल्नर नसेच्या फांद्यांवर केलं तर करंगळीकडे ओढलं जाणारं मनगट आणि आत गेलेला अंगठा यांसाठी. इटलीत ब्रुनेली यांनी 1983 मध्ये हाताच्या नसांच्या अशा अर्धवट छेदनाची पद्धत मांडली. पुढे फ्रान्समध्ये कॅरोलिन लेक्लर्क यांनी ती स्नायूच्या दारापर्यंत नेऊन नेमकी केली. मोठं प्लास्टर लागत नाही, हालचाल लवकर सुरू होते. उणी बाजू अशी की शिल्लक तंतू हळूहळू फुटवे काढून मोकळ्या स्नायूचा ताबा घेतात आणि काही जणांत ताण थोडा परततो. म्हणूनच कमी कापण्यापेक्षा पुरेसं कापणं महत्त्वाचं ठरतं.

जखडण्याबद्दल आत्ता एकच सांगतो. तुम्ही लिहिलं आहे की बाबांची मूठ उघडायला मनगट आणखी वाकवावं लागतं. याचा अर्थ बोटं वळवणाऱ्या कंडरा आखूड पडल्या आहेत आणि मनगट वाकवून तुम्ही त्यांना सैल देताय. अशा हाताचं मनगट सरळ करून नुसतं जखडलं, तर दिसायला हात सरळ दिसेल, पण मूठ मुळीच उघडणार नाही आणि तळहात आजच्यापेक्षा जास्त अडचणीत येईल. मनगटाचा निर्णय बोटांना सोडून घेता येत नाही. हे सर्जनला जरूर विचारा.

उमज

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. निरंतर, व्यायामाला माझा विरोध कसा असेल? पण खरं ते सांगायला हवं. नुसत्या ताणण्याने सांध्याची हालचाल किती वाढते यावर कोक्रेनचा, म्हणजे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, 2017 चा आढावा आहे. मेंदूच्या आजारांमध्ये स्ट्रेचिंगमुळे सांध्याच्या हालचालीत उपयोगी म्हणावा असा फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. व्यायाम, स्वच्छता, हाताचा वापर, दुखणं कमी करणं यांसाठी आम्ही लोकांबरोबर मेहनत घेतोच. तरीही वर्षानुवर्षं दुमडलेली, खरोखर आखूड झालेली कंडरा घरच्यांच्या चिकाटीने लांब होत नाही. हे कळलं नाही की मुलगी किंवा बायको स्वतःला दोष देत राहते, 'मीच नीट व्यायाम घेतले नाहीत'. रेवा, तुमच्या बाबांची मूठ तुमच्या आळसामुळे वळलेली नाही.

स्प्लिंटही जबरदस्तीने घट्ट बांधू नका. ताण जास्त असलेल्या हातात कडेला कातडी दाबली जाऊन जखम होते आणि स्पर्श कमी असेल तर रुग्णाला ते कळतही नाही.

निरंतर

उमज, हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे दुखणं स्ट्रेचिंगने नक्की कमी झालं, म्हणून त्या भरवशावर लिहिलं.

लेकीची_आई

माझ्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालीत आलेला अडथळा. तिचा एका बाजूचा हात. मोठ्यांच्या पक्षाघातापेक्षा मुलांचं गणित थोडं वेगळं असतं म्हणून लिहिते.

तिचं मनगट खाली पडलेलं असायचं. पकडताना बोटं नीट वळत नव्हती, कारण मनगट वाकलेलं असलं की पकडीला जोरच येत नाही. तुमची स्वतःची मूठ मनगट पूर्ण खाली वाकवून आवळून बघा, लगेच कळेल. तिच्या बाबतीत मनगट करंगळीच्या बाजूला खाली ओढणारी कंडरा सोडवून हाताच्या पाठीवर, मनगट वर उचलणाऱ्या कंडरेत जोडली. जो स्नायू खाली ओढत होता तोच वर उचलायला लागला. सोबत पंजा पालथा करणारा स्नायू मोकळा केला आणि अंगठ्याची कंडरा नव्या वाटेने वळवून अंगठा तळहाताबाहेर काढला. सगळं एकाच भुलीत.

आम्हाला शाळेच्या पहिल्या वर्षांपर्यंत थांबवलं होतं, कारण ऑपरेशननंतर थेरपिस्ट सांगेल ते मुलाला कळून करता आलं पाहिजे. आणि सर्वात जास्त वेळ गेला तो तिचे व्हिडिओ बघण्यात. डबा उघडताना, दप्तराची चेन लावताना, खेळताना ती तो हात स्वतःहून पुढे आणते का, एवढंच ते बघत होते. न वापरणाऱ्या हाताला नुसती कंडरा जोडून तो वापरात येत नाही, असं सरळ सांगितलं.

आज ती तो हात मदतनीस म्हणून वापरते. कागद दाबून धरते, बाटली धरते आणि टोपण दुसऱ्या हाताने फिरवते. लिहिते दुसऱ्याच हाताने. आमची अपेक्षा एवढीच होती आणि ती पुरी झाली.

शल्यक

लेकीच्या आईने लिहिलेला संच हाच मुलांमध्ये सर्वात जास्त अभ्यासला गेला आहे. अमेरिकेत ॲन व्हॅन हीस्ट यांच्या गटाने 2015 मध्ये 39 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना ही शस्त्रक्रिया, काहींना बोटॉक्स, काहींना नुसती थेरपी. शस्त्रक्रिया केलेल्यांची सुधारणा बाकी दोन्ही गटांपेक्षा जास्त होती, पण ती मध्यम स्वरूपाची होती. हात नवा झाला असं नाही. पालकांना मी दोन्ही वाक्यं सांगतो.

एक सावधगिरी. कंडरा जोडण्याआधी मनगट सरळ धरून मुलाला बोटं उघडायला सांगायची. ती उघडत नसतील तर मनगट वर उचलणाऱ्या कंडरेत जोड देऊ नये. नाहीतर हात वर उचललेल्या मुठीतच अडकतो. अशा वेळी तीच कंडरा बोटं उघडणाऱ्या कंडरांना द्यायचा विचार करतात. आणि ज्या मुलांचा हात ताठर असण्यापेक्षा सतत आपोआप पिळवटत, आकार बदलत असतो, म्हणजे ज्याला डिस्टोनिया म्हणतात, त्यांच्यात कंडरेच्या जोडाचा निकाल बेभरवशाचा असतो. तिथे मी हात आखडता घेतो.

धूमकेतू

निरोगी बाजूची नस मानेतून आणून लकव्याच्या हाताला जोडतात असं वाचलं होतं. ते खरं आहे का? माझ्या काकांना करता येईल का?

शल्यक

खरं आहे. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसांच्या जुडग्यात सातव्या क्रमांकाची, सी-सात नावाची नस असते. तिच्या स्नायूंना शेजारच्या नसाही पुरवठा करत असल्यामुळे निरोगी बाजूची सी-सात काढून घेतली तरी तो हात बहुतांशी सावरतो. ही नस मणका आणि अन्ननलिका यांच्यामधून पलीकडे नेऊन लकव्याच्या बाजूच्या सी-सातला जोडतात. म्हणजे बिघडलेला मेंदूचा भाग सोडून चांगला भाग त्या हाताचा कारभार घेतो. अपघातात मानेतल्या नसा तुटलेल्यांसाठी ही युक्ती शांघायमध्ये 1986 पासून वापरात होती. तिथल्याच हुआशान रुग्णालयातल्या शू वेनदोंग यांच्या गटाने ती मेंदूच्या इजेतून आलेल्या ताठर लकव्यासाठी वापरली आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जानेवारी 2018 च्या अंकात अभ्यास छापून आला. 36 रुग्ण, सगळ्यांचा लकवा पाच वर्षांहून जुना. 18 जणांना शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन, 18 जणांना फक्त पुनर्वसन. वर्षाच्या शेवटी हाताच्या हालचालीच्या 66 गुणांच्या मोजपट्टीवर पहिल्या गटाची सरासरी वाढ 17.7, दुसऱ्याची 2.6. एवढ्या जुन्या लकव्यात असा फरक मी तरी आधी वाचला नव्हता. ताणही कमी झाला, कारण लकव्याच्या बाजूची सी-सात कापताना ताणाचं चक्र चालवणारे स्पर्शतंतूही कापले जातात.

पण काकांसाठी फॉर्म भरण्याआधी हे लक्षात घ्या. निरोगी हातात काही महिने बधिरपणा आणि अशक्तपणा येतो. ज्यांचं सगळं जगणं त्याच एका हातावर चालतं, त्यांच्यासाठी ही मोठी किंमत आहे. मानेत रक्तवाहिन्या, अन्ननलिका, श्वासपटलाची नस अगदी शेजारी असतात. नस जोडून झाल्यावर महिनोनमहिने कसून व्यायाम करावा लागतो, आणि सांधे आधीच आखडले असतील तर नवी नस त्यांना उघडू शकत नाही. ज्या ठिकाणी ही शस्त्रक्रिया नियमित होते तिथेच विचारा.

पिंपळपान

बॅक्लोफेनचा पंप बसवतात त्याचं काय? आणि मणक्यातल्या नसा कापण्याचं?

शल्यक

पंप पोटाच्या कातडीखाली बसतो आणि बारीक नळीने औषध थेट मणक्यातल्या पाण्यात सोडतो, म्हणून गोळीइतकी गुंगी येत नाही. दोन्ही पाय आणि हात असा सगळाच ताण असेल तर चांगला पर्याय. फक्त हातासाठी सहसा नाही, कारण परिणाम पायांवर जास्त दिसतो. नळीचं टोक वर नेऊन हातासाठी फायदा वाढवतात. पंप ठरल्या वेळी भरून घ्यावाच लागतो. औषध अचानक थांबलं तर खाज, तीव्र ताप आणि ताणाचा उसळता झटका येऊन जिवावर बेतू शकतं. मणक्यातल्या नसा निवडून कापण्याची शस्त्रक्रिया मुख्यतः मुलांच्या पायांसाठी आहे. एका हाताच्या ताठरपणासाठी मी ती सुचवत नाही.

सांजवारा

रेवाताई, तुमच्या घरातल्या मोठ्यांना द्यायचं उत्तर मी देते. माझी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिचा हात चालणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. तिचं ऑपरेशन हात चालावा म्हणून केलंच नाही. तळहात उघडावा म्हणून केलं.

आधी काय होतं ते सांगते. नख कापायला बोट उचलावं तर ती कळवळायची. तळव्यात मधल्या बोटाचं नख रुतून जखम झाली होती. ड्रेसिंग ठेवायला जागा नाही, ठेवलं तर तासाभरात ओलं. कोपराच्या घडीतही तसंच, पुसायला ओला कपडा सरकवायचा तर दोन माणसं लागायची. मी एका हाताने दंड धरायचे, बहीण पुढचा हात ओढायची आणि आई डोळे मिटून घ्यायची.

तिच्या पुढच्या हातात बोटांच्या दोन थरांच्या कंडरा असतात त्यातल्या वरच्या थराच्या खालच्या टोकाशी आणि खोल थराच्या वरच्या टोकाशी कापून, उलटसुलट एकमेकींना जोडल्या. त्यामुळे पुष्कळ लांबी मिळाली आणि बोटं नुसती लोंबत राहिली नाहीत, सैल वळलेली राहिली. कोपराच्या कंडरा लांबवल्या. त्यानंतर तिचा हात मी एकटी, कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवून धुवायचे. बोटांच्या बेचक्यांतून पाणी जायचं. जखम भरली. तिला गाऊनची बाही चढवता यायला लागली.

हात 'चालला' नाही. पण ऑपरेशनचा उपयोग काय झाला असं आम्हाला कोणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर आहे. हात चालवणं हे एकच ध्येय धरलं असतं तर आईने शेवटपर्यंत ती जखम घेऊन दिवस काढले असते. दुखणं कमी होणं, कातडी धड राहणं, अंगावर कपडा नीट बसणं यांना दुय्यम मानू नका. ज्याला ते सोसावं लागतं त्याच्यासाठी तेच पहिलं असतं.

माळरान

सांजवारा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत.

उमज

सांजवारा यांच्या प्रतिसादाला संपूर्ण अनुमोदन. रेवा, सर्जनकडे जाण्याआधी बाबांना विचारा, तुमच्या मनातलं नाही, त्यांच्या मनातलं: या हाताकडून काय हवं? त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहा. आमच्याकडे येणाऱ्या अनेक घरांत मुलगा म्हणतो पेन धरता यावा आणि वडील म्हणतात रात्री झोपेत खांदा दुखू नये. वडिलांच्या उत्तरावर खांद्याच्या स्नायूंचं काम ठरतं, मुलाच्या उत्तरावर भलतंच.

नंतरच्या काळजीचं थोडक्यात. कंडरा लांबवली असेल तर साधारण तीन-चार आठवडे प्लास्टर किंवा स्प्लिंट, मग दिवसा हालचाल आणि रात्री स्प्लिंट काही महिने. कंडरा दुसरीकडे जोडली असेल तर त्या काळात जोड ताणला जाऊ नये म्हणून घरच्यांनी हात 'मोकळा करायला' जाऊ नये. फक्त नसेचं काम असेल तर टाके सांभाळून लवकर सुरुवात. पंजा सुजतो, त्यामुळे हात उशीवर वर ठेवणं पहिल्या दिवसापासून.

रेवाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. उमज यांनी सांगितलं तसं विचारलं. बाबा म्हणाले, "हात धुता आला पाहिजे, शर्टाची बाही दुसऱ्याच्या मदतीशिवाय चढली पाहिजे. बाकी काही नको." घरातल्या मोठ्यांसमोर त्यांनी स्वतःच हे सांगितलं आणि चर्चा तिथेच मिटली.

तपासणीत ब्लॉक दिला. दंडातल्या नसेला दिल्यावर कोपर जवळजवळ सरळ झालं, बाबा बघतच राहिले. बोटं मात्र ब्लॉकनंतरही तेवढीच अडली आणि उघडणाऱ्या स्नायूंत काही हालचाल दिसली नाही. त्यामुळे आता असं ठरतंय: कोपरासाठी नसेच्या फांद्यांचं काम, बोटांसाठी सांजवारा यांनी लिहिलेली दोन थरांची जोडणी, मनगट वाकवणाऱ्या कंडरा लांबवणं. मनगट जखडायचं का, हे बोटं मोकळी झाल्यावर टेबलावर बघून ठरवतील. शल्यक, तुमचा तो मुद्दा विचारला होता, त्यांनीही तेच सांगितलं.

दोन प्रश्न उरलेत. बाबा रक्त पातळ करण्याची गोळी घेतात. आणि मुठीतल्या अंगठ्याचं काय करणार हे मी विचारायचं राहून गेलं.

शल्यक

ब्लॉकने उत्तर स्वच्छ दिलं आहे आणि आराखडा त्याला धरूनच आहे.

गोळी स्वतःहून एकही दिवस बंद करू नका. ती पुन्हा झटका येऊ नये म्हणून आहे. थांबवायची का, किती दिवस, हे न्यूरोलॉजिस्ट किंवा हृदयाचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचं आणि तुम्हाला तारखेसकट लिहून द्यायचं.

अंगठा मुठीत दोन कारणांनी अडकतो. एक, तळहातातला त्याला आत ओढणारा स्नायू. दोन, त्याचं टोक वाकवणारी पुढच्या हातातली लांब कंडरा. पहिल्याला मुळापाशी सोडवता येतं किंवा त्याच्या नसेवर काम करता येतं, दुसरी लांबवावी लागते. बहुतेकदा दोन्ही लागतात. याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे. बोटांच्या लांब कंडरा सैल केल्या की तळहातातल्या बारीक स्नायूंचा आतापर्यंत झाकलेला ताण कधी कधी वर येतो. बोटं मधल्या पेरांत सरळ राहतात, पण मुळाशी काटकोनात दुमडतात आणि तळहात पुन्हा झाकला जातो. त्या बारीक स्नायूंना आणि अंगठा आत ओढणाऱ्या स्नायूलाही मुख्यतः अल्नर नसेची खोल फांदीच चालवते. ती मनगटाजवळ सापडते आणि त्याच भुलीत तिच्यावर काम करता येतं. बाबांच्या हातात तशी गरज पडेल का ते सर्जनला विचारा, आणि गरज पडू शकते असं त्यांचं मत असेल तर ते काम संमतिपत्रात आधीच लिहून घ्यायला सांगा, म्हणजे टेबलावर ताण दिसल्यास दुसरी भूल द्यावी लागणार नाही.